ई-मेलच्या नव्या रूपाबाबत कर्मचारी संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक आणि संगणक विभागप्रमुख

विषय : थंडरबर्ड ११५ च्या सेटिंगबाबत

महोदय,

थंडरबर्ड या ई-मेल प्रोग्रामची ११५ म्हणजेच ‘सुपरनोव्हा’ ही आवृत्ती जुलै २०२३ मध्ये आली आणि एका सोमवारी, कुणालाही न सांगता, आपल्या सगळ्या संगणकांवर बसली. जुनी १०२ परत द्या, असे संघटनेचे म्हणणे नाही. तिच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या आहेत. दिवसभर बाहेरच्यांची जोडपत्रे उघडणाऱ्यांना तिच्यावर बसवणे आम्हालाही पटणार नाही. तक्रार प्रोग्रामबद्दल नाही, तो ज्या रीतीने आमच्या माथी मारला त्याबद्दल आहे.

बारनिशीचे घ्या. सकाळचे टपाल तिथे पाठवणाऱ्याप्रमाणे लावून नोंदवहीत चढवतात. पूर्वी कॉलमच्या मथळ्यावर क्लिक केले की काम व्हायचे. आता सरसकट कार्ड दृश्य लावले आहे आणि त्यात मथळ्यांची पट्टीच नाही. क्रम बदलायचा तर यादीच्या वरचे छोटे बटण शोधा, त्यातला मेनू उघडा, हे रोज आणि प्रत्येक फोल्डरला. कार्ड जागाही जास्त खाते. १३६६ बाय ७६८ च्या आपल्या स्क्रीनवर खालची पत्रे नजरेआड जातात आणि मग ‘माझे पत्र का नोंदवले नाही’ म्हणून बोलणी बारनिशीच खाते. गंमत अशी की मथळ्यांची पट्टी असलेले टेबल दृश्य याच प्रोग्राममध्ये, त्याच मेनूत आहे. आपल्या संगणक विभागाने ते कुलूपबंद केले आहे. कारण विचारले तर उत्तर मिळाले, ‘सगळीकडे एकसारखे दिसावे.’ कुणाला, हे कळले नाही.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी : दृश्य, ओळींची दाटी, अक्षरांचा आकार आणि टूलबारवरची बटणे ज्याच्या त्याच्या हाती सोपवा. बारनिशीला दाट ओळी हव्यात. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना ऐसपैस ओळी आणि मोठी अक्षरे. दोघांसाठी सोय प्रोग्राममध्ये आहे, तिला पैसा लागत नाही. सुरक्षेच्या सेटिंगवर विभागाचे कुलूप खुशाल राहू द्या.

दुसरी, अपडेटआधी आठ दिवस सूचना द्या, आणि प्रत्येकाच्या प्रोफाइलची प्रत काढून ठेवा. नव्या आवृत्तीत एकदा उघडलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सहसा स्वीकारत नाही. मागे फिरायची वाट आधीच राखावी लागते. अॅड-ऑनही आधी एका संगणकावर चालवून बघावेत. या वेळी ज्यांची बंद पडली, त्यांना ते कामाच्या मध्यावर कळले.

तिसरी मागणी छोटी : मेनू बार कुठे गेला (विंडोजवर ऑल्ट दाबल्यास दिसतो), टेबल दृश्य कसे लावायचे, एवढे सांगणारे एक पान मराठीत छापून प्रत्येक टेबलावर द्या. आणि बदलानंतरच्या पहिल्या आठवड्यात नोंदी उशिरा झाल्या म्हणून कुणाला दिलेले मेमो मागे घ्या.

हा एकदाचा प्रश्न असता तर आम्ही निभावून नेले असते. पण १०२ जून २०२२ मध्ये आली, ११५ जुलै २०२३ मध्ये, १२८ जुलै २०२४ मध्ये. दर पावसाळ्यात हेच होणार. तेव्हा पुढची मोठी आवृत्ती बसवण्याआधी संघटनेच्या दोन प्रतिनिधींसह बैठक घ्यावी. त्यातला एक बारनिशीचा असावा. तोवर टेबल दृश्याचे कुलूप या आठवड्यातच काढावे, त्यासाठी बैठकीची गरज नाही.

आपले,
अध्यक्ष व सचिव,
कर्मचारी संघटना