चढताना मोजली, उतरताना कोण मोजणार?

घरातल्या कर्त्या मुलाची बदली दूर गडचिरोलीकडे झाली की आई सहज म्हणून जाते, "माझ्या लेकाला काळ्या पाण्यावर धाडलं." बोलणाऱ्या माउलीच्या मनात फक्त लांबचा पल्ला असतो. परंतु हा शब्द ज्या शिक्षेतून आला ती कोणाच्या वाट्याला येत होती आणि तिच्यामागे हिशोब कोणाचा होता, हे आपण कष्टकऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. आम्ही पडलो कारकुनी पेशाचे. म्हणून आज हा इतिहास थोडा खतावणीच्या नजरेने मांडतो.

गुन्हेगाराला जहाजात कोंबून समुद्रापार टाकण्याची रीत इंग्रजांनी प्रथम आपल्याच गोरगरिबांवर चालवली. आधी त्यांना अमेरिकेत धाडीत. तिकडे स्वातंत्र्ययुद्ध पेटले, ती वाट बंद झाली, तेव्हा ऑस्ट्रेलिया शोधून काढला. मे १७८७ मध्ये ११ जहाजे निघाली, ती जानेवारी १७८८ मध्ये पोहोचली. तेव्हापासून १८६८ पर्यंत दीड लाखाहून अधिक कैदी तिकडे नेले गेले. त्यांतले कितीतरी कापड, भांडी अशा किरकोळ चोरीत सापडलेले होते आणि त्यासाठी त्यांना सात सात वर्षांची शिक्षा होती. ज्या जमिनीवर त्यांना उतरवले, ती तेथील मूळच्या आदिवासींची होती. त्यांना मात्र कोणी विचारले नाही.

आता हिशोबाची गोष्ट पाहा. १७९० साली पोहोचलेल्या दुसऱ्या ताफ्याचा ठेका सरकारने एका खाजगी कंपनीला दिला. ही कंपनी गुलामांच्या व्यापारातली होती. करार असा, की जहाजात चढवलेल्या प्रत्येक कैद्यामागे सुमारे १७ पौंड मिळतील. जिवंत किती उतरले, याचा ठेकेदाराच्या पैशाशी संबंध नव्हता. मग काय होणार? हजाराच्या आसपास कैदी चढवले आणि त्यांतले जवळपास चौथा हिस्सा वाटेतच मेले. उपासमार, बेड्या, ओली जागा, रोगराई यांनी माणसे संपली. याचा बोभाटा झाल्यावर धडधाकट उतरवलेल्या कैद्यामागे पैसे देण्याची अट आली. १८१५ नंतर प्रत्येक जहाजावर कैद्यांची जबाबदारी असलेला डॉक्टर नेमला जाऊ लागला आणि वाटेतले मृत्यू खूपच घटले. समुद्र तोच, लाटा त्याच. माणसे मोजण्याची जागा तेवढी बदलली.

हीच रीत कंपनी सरकारने आपल्या देशात आणली. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले. त्यांच्याकडून रस्ते बांधून घेतले. १८३६ मध्ये तेथे गेलेल्या चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने असे सुमारे ८०० हिंदी कैदी असल्याचे लिहून ठेवले आहे. उलट मलाया-सिंगापूरकडचे चिनी आणि मलायी कैदी आपल्या महाबळेश्वरला आणले गेले. तेथे त्यांनी रस्त्यांची कामे केली, भाजीपाला पिकवला. इथला गरीब तिकडे, तिकडचा गरीब इकडे. नाव शिक्षेचे, काम मात्र फुकटच्या मजुरीचे!

बंगाल आणि मद्रास इलाख्यांत अशा जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदवीत. ही चाल १८४९ मध्ये बंद झाली. आपल्या आया-आज्यांच्या हातावरचे गोंदण हौसेचे असते. हे गोंदण माणसाला कायमचे चोर ठरवणारे होते.

आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यापर्यंतही काळे पाणी आले होते. १० मार्च १८५८ रोजी २०० कैद्यांना घेऊन डॉ. वॉकर अंदमानात उतरले आणि तेथे वसाहत सुरू झाली. पहिल्या काही महिन्यांतच पळून जाताना सापडलेल्या ८० हून अधिक कैद्यांना त्यांनी फाशी दिले. इकडे सातपुड्यात खाजा नाईक आणि भीमा नाईक यांच्यामागे भिल्ल बांधव उठले होते. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. पुढे भीमा नाईक पकडले गेले, त्यांना अंदमानला धाडले आणि १८७६ साली तेथेच त्यांचे निधन झाले. डोंगरात वाढलेल्या माणसाचा शेवट समुद्राच्या वेढ्यात झाला.

अंदमानात कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर नंबर आणि शिक्षेची तारीख. चांगल्या वर्तणुकीने दहा वर्षे काढली तर शेती करण्याची, संसार थाटण्याची परवानगी मिळे. तेथे निरनिराळ्या जातींच्या, प्रांतांच्या स्त्री-पुरुष कैद्यांची लग्ने झाली. त्यांच्या मुलांना 'लोकल बॉर्न' म्हणत. समुद्र ओलांडला की जात बुडते, या भीतीवर सरकारची मोठी भिस्त होती. पण ज्याला जातीने कधी सुख दिलेच नाही, त्याने जात बुडण्याचे भय का धरावे? त्याचे दुःख वेगळे. मागे राहिलेल्या बायकोला नवरा जिवंत आहे की मेला, हे कोण कळवणार? कपाळाचे कुंकू ठेवावे की पुसावे, हे सांगायला ना पत्र, ना माणूस. वासुदेव बळवंत फडके एडनला गेले, सावरकर अंदमानला गेले, त्यांची नावे पुस्तकात आहेत. बाकीचे हजारो नंबर होऊन गेले.

स्वतंत्र भारतात १ जानेवारी १९५६ पासून कायद्यातून काळ्या पाण्याची शिक्षा गेली आणि तिच्या जागी आजन्म कारावास आला. जहाजे थांबली. मोजणीचा प्रश्न मात्र उरला आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. आत जाताना त्यांची नोंद होते. बाहेर कधी यायचे, हे कोण मोजतो? कोर्टाच्या आवारात डबा घेऊन बसलेल्या, पुढची तारीखही ठाऊक नसलेल्या मायबहिणी आम्ही नेहमी पाहतो.

म्हणून मोजणी घरच्यांनी करावी. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे केलेच पाहिजे, हा घटनेच्या कलम २२ ने दिलेला हक्क आहे. कोठडीतल्या माणसाला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ती लागू नाही.

घरात एक दोनशे पानी वही ठेवा. अटकेची तारीख, केस नंबर, कलमे, वकिलाचे नाव, पुढची तारीख हे सारे तिच्यात लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. ठेकेदार सुधारले ते त्यांना दया आली म्हणून नव्हे. उतरणारी माणसे मोजली जाऊ लागली, म्हणून ते सुधारले.