चेहरा बदलल्याने भूमिका मरत नाही

१/ जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेचे जरीचे निशाण. उत्तर नागपुरात या नावाची वस्ती आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ती गजबजली. निशाणाची रीत साधी असते : धरणारा पडला, तर दुसऱ्याने ते उचलायचे. मालिकांतील भूमिकांच्या बाबतीत नेमकी हीच रीत मराठी समाज विसरत चालला आहे.

२/ मालिकेतला कलाकार बदलला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. प्रेक्षक म्हणतो, पहिलीची सर हिला नाही. निर्मिती करणारे म्हणतात, मराठी प्रेक्षक नवा चेहरा स्वीकारतच नाही. पहिले वाक्य बहुधा अन्यायाचे असते. दुसरे तर इतिहासाच्या कसोटीवर सपशेल खोटे आहे.

३/ 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. किर्लोस्कर मंडळीतील भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा पाहून एक पिढी वेडी झाली. भाऊराव १९०१ मध्ये गेले. नाटक मात्र गेले नाही. १९०५ मध्ये बालगंधर्व त्याच मंडळीत आले आणि त्याच भूमिकांवर त्यांनी आपली मुद्रा उमटवली. भाऊरावांना ऐकलेले कान तेव्हा जिवंत होते. त्यांनी तुलना केली, वाद घातले, आणि तरी तिकिटे काढली.

४/ 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा. गणपतराव बेलवलकर म्हटले की डॉ. श्रीराम लागू आठवतात. पण तीच भूमिका दत्ता भट, सतीश दुभाषी आणि यशवंत दत्त यांनीही केली. कोणाचा बेलवलकर थोर, हा वाद मराठी घरांत रंगला. दुसऱ्या बेलवलकराला उभेच राहू देऊ नये, असे कोणी म्हटले नाही.

५/ मालिका निराळी असते, हा आक्षेप रास्त आहे. नाटक प्रेक्षक घराबाहेर जाऊन पाहतो. मालिका रोज ठरल्या वेळी त्याच्या घरात येते. जेवणाच्या ताटासमोर दिसणारा चेहरा हळूहळू नात्यातला होतो, आणि तो बदलला की मन दुखावते. पण दुखावलेले मन आणि न स्वीकारणारे मन, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

६/ पुरावा 'क्योंकि सास भी कभी बहू थी'चा. मालिका २००० साली सुरू झाली आणि अमर उपाध्याय यांचा मिहिर इतका प्रिय ठरला की, कथेत त्याचा मृत्यू दाखवल्यावर प्रेक्षकांच्या क्षोभापुढे त्याला परत आणावे लागले. पुढे ही भूमिका इंदर कुमार यांच्याकडे आणि नंतर नागपुरात जन्मलेल्या रोनित रॉय यांच्याकडे गेली. रॉय यांनी आधीच्या मिहिरची नक्कल केली नाही. थोराड, गंभीर मिहिर उभा केला आणि २००८ पर्यंत निभावला. उत्तम बदल म्हणतात तो हा.

७/ त्याच मालिकेत २००७ मध्ये तुलसीच्या भूमिकेत स्मृती इराणी यांच्या जागी गौतमी कपूर आल्या. हा बदल टिकला नाही. वर्षभरात इराणी परतल्या. दोष गौतमी यांचा नव्हता. शीर्षकगीतात दार उघडून कुटुंबाची ओळख करून देणारी तुलसी हीच मालिकेची ओळख करून ठेवली होती. सात वर्षे एका चेहऱ्याचीच पूजा मांडणाऱ्यांनी तो बदलल्यावर भक्तांना बोल लावू नये.

८/ मराठीतले उदाहरण नागपूरचेच घ्यावे. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली (२०१६–२०२१) राधिका नागपूरची. ती साकारणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या. तरी तिची बोली महाराष्ट्रभर नागपूरची म्हणून ओळखली गेली. शनाया मात्र दोनदा बदलली : रसिका सुनील, २०१८ मध्ये ईशा केसकर, २०२० मध्ये पुन्हा रसिका. 'जय मल्हार'मधली बानू म्हणून घराघरांत पोहोचलेल्या ईशा यांनी खट्याळ, स्वार्थी शनाया पेलली. मालिका थांबली नाही.

९/ 'आई कुठे काय करते'मध्ये २०२० साली संजना दीपाली पानसरे यांच्याकडून रुपाली भोसले यांच्याकडे आली. आज संजना म्हटले की बहुतेकांना रुपालीच आठवतात. लेखनाने नव्या कलाकाराला स्वतःचा राग, स्वतःचा पराभव दिला, म्हणून हे घडले.

१०/ आता सर्वांत वाईट बदल. 'अग्गंबाई सासूबाई'तील शुभ्रा (तेजश्री प्रधान) सासूचे दुसरे लग्न लावून देणारी धीट सून होती. २०२१ मध्ये 'अग्गंबाई सूनबाई' सुरू झाली, शुभ्रा उमा पेंढारकर यांच्याकडे आली आणि पटकथेने तीच शुभ्रा भित्री, दबलेली करून टाकली. प्रेक्षकांना वाटले, चेहरा बदलला म्हणून शुभ्रा हरवली. खरे तर शुभ्रा कागदावरच मारली गेली होती. नव्या अभिनेत्रीच्या हाती निशाण नव्हे, नुसती काठी दिली गेली.

११/ या प्रश्नाला श्रमाचीही बाजू आहे. दैनंदिन मालिकेत तयार भागांचा साठा थोडा असतो. कलाकार गेला की काही दिवसांत दुसरा उभा करावा लागतो. नव्याला तालमीला वेळ नसतो, पात्राचा पूर्वेतिहास वाचायला उसंत नसते, आणि पहिल्याच भागाखाली समाजमाध्यमांवर शिव्यांचा पाऊस पडतो. घाई वाहिनीची असते. शिक्षा मात्र तो कलाकार भोगतो.

१२/ म्हणून मागण्या तीनच. बदल लपवू नये, सांगावा. नव्या कलाकारासाठी भूमिका नव्याने लिहावी, पण तिचा कणा मोडू नये. आणि प्रेक्षकाने निदान महिनाभर निकाल राखून ठेवावा. भाऊरावांनंतर बालगंधर्वांना कौल देणाऱ्या समाजाला एवढा धीर जड जाऊ नये. निशाण कोणाच्या हातात आहे यापेक्षा ते ताठ आहे की झुकले आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.