टाक्यांचा दोरा: कोण बनवतो, किंमत कशी ठरते आणि आपण काय पाहावे?

ऑपरेशन ठरले की नातेवाइकांच्या हातात मेडिकलची चिठ्ठी येते. सलाइन, इंजेक्शन, हातमोजे यांच्यासोबत त्यात ‘व्हिक्रिल १-०’ किंवा ‘मर्सिल्क २-०’ असे काहीतरी लिहिलेले असते. मेडिकलवाला एक चपटे पाकीट देतो. त्यावरची किंमत वाचून बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: एवढ्याशा दोऱ्याला इतके पैसे?

हिंगणघाटसारख्या कापूस आणि सूतगिरण्यांच्या गावात हा प्रश्न पडणे साहजिकच आहे. शिवाय या उद्योगात नुकतीच मोठी उलाढाल झाली आहे. टाक्यांचे दोरे बनवणारी बंगळुरूची हेल्थियम (जुने नाव सूचर्स इंडिया) ही कंपनी २०१८ मध्ये अपॅक्स या परदेशी गुंतवणूकदाराकडे गेली आणि २०२४ मध्ये तिथून केकेआरने ती घेण्याचा करार केला. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून या दोऱ्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या दोन्हींचा आपल्या बिलाशी काय संबंध?

नावांमागचा इतिहास

झेरॉक्स म्हणजे फोटोकॉपी, तसे आपल्याकडे व्हिक्रिल म्हणजे विरघळणारा टाका. प्रत्यक्षात व्हिक्रिल हे जॉन्सन अँड जॉन्सनच्या एथिकॉन विभागाचे ब्रँडनाव आहे. मर्सिल्क हे त्यांचेच. त्यातले ‘मर्स’ आले मर्सन या नावावरून. स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे मर्सन यांची टाक्यांच्या दोऱ्यांची कंपनी होती. ती १९४७ मध्ये जॉन्सनने विकत घेतली. त्याच वर्षी ही कंपनी भारतातही आली, पण बेबी पावडर घेऊन. १९५९ मध्ये मुंबईत मुलुंडला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे एथिकॉनचे दोरे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत बनू लागले. ठाणे जिल्ह्यातील मुरबाडला सेंटेनियल सर्जिकल सूचर या कंपनीचा कारखाना आहे. म्हणजे ‘इम्पोर्टेड’ वाटणारा दोरा पुष्कळदा आपल्याच राज्यात तयार झालेला असू शकतो. उत्पादकाचा पत्ता पाकिटावर किंवा खोक्यावर छापलेला असतो.

आतड्यापासून रसायनापर्यंत

जखम शिवणे आपल्याला नवे नाही. सुश्रुतसंहितेत ताग, सूत, स्नायू आणि केस यांनी जखम शिवण्याचे वर्णन आहे. आधुनिक काळात जोसेफ लिस्टर यांनी १८६९ च्या सुमारास कार्बोलिक आम्लात जंतुमुक्त केलेले कॅटगट वापरात आणले. नावात ‘कॅट’ असले तरी मांजराशी त्याचा संबंध नाही. ते मेंढी किंवा गाय-बैलाच्या आतड्यापासून बनते. आपल्या शरीरात प्राणिजन्य पदार्थ जाऊ नये असे वाटत असेल, तर ते ऑपरेशनआधी सांगा. बहुतेक ठिकाणी पर्याय उपलब्ध असतो.

१९७० च्या दशकात कृत्रिम विरघळणारे दोरे आले. व्हिक्रिल १९७४ चे. शरीरातील पाण्याने त्याचे हळूहळू विघटन होते. तीन आठवड्यांनी त्याची साधारण निम्मी ताकद उरते आणि ५६ ते ७० दिवसांत तो शोषला जातो. कॅटगटची ताकद याहून लवकर आणि कमी भरवशाने जाते. बाळंतपणात घातलेल्या टाक्यांसाठी कृत्रिम दोरा वापरला तर सुरुवातीचे दुखणे कमी असते, असे अभ्यासांत दिसले आहे.

मग किंमत कशाची?

पैसे नुसत्या दोऱ्याचे नसतात. सुई दोऱ्याच्या टोकाला कारखान्यातच घट्ट बसवलेली असते. तिची धार, दोऱ्याची सारखी जाडी, जंतुमुक्त करण्याची प्रक्रिया आणि सीलबंद पाकीट या सगळ्यांचा खर्च त्यात असतो. तरीही छापील किंमत म्हणजे उत्पादन खर्च नव्हे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली होती. तेव्हा औषधे आणि एकदा वापरून टाकायच्या साहित्यात काही वस्तूंवर १,७०० टक्क्यांपर्यंत नफा आढळला होता.

खरी अडचण इथे आहे. बाजारात कंपन्या अनेक आहेत आणि स्पर्धाही आहे. पण दोरा निवडतो डॉक्टर, खरेदी करते रुग्णालय आणि पैसे देतो रुग्ण. त्यामुळे कंपन्यांची चढाओढ रुग्णाला स्वस्त देण्यापेक्षा रुग्णालयाला जास्त सवलत देण्याकडे झुकते. कंपनीचा मालक बदलला म्हणून दोऱ्याचा दर्जा आपोआप वाढत किंवा घसरत नाही. दर्जा परवाना आणि तपासणीवर ठरतो. किंमतही मनाला येईल तशी वाढवता येत नाही. वैद्यकीय उपकरणांची छापील किंमत १२ महिन्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवण्यास मनाई आहे.

जीएसटी कपातीचा हिशोब सोपा आहे. कराशिवाय १,००० रुपयांचा दोरा पूर्वी १,१२० ला पडत होता, तो आता १,०५० ला पडायला हवा. हा फरक बिलात दिसतो का, ते पाहा.

महाग म्हणजे चांगला?

नाही. पोटाच्या आतल्या थरांना एक दोरा लागतो, चेहऱ्याच्या त्वचेला दुसरा. त्वचेसाठी साधा, स्वस्त नायलॉन अनेकदा सर्वांत योग्य असतो. तो विरघळत नाही, म्हणून काढावा लागतो: चेहऱ्यावर साधारण ५ दिवसांत, पोटावर ७ ते १० आणि हातापायांवर १० ते १४ दिवसांत. जखम उकलली तर लोक आधी दोऱ्याला दोष देतात. पण वाढलेली साखर, रक्ताची कमतरता, तंबाखू आणि जंतुसंसर्ग ही कारणे ब्रँडपेक्षा कितीतरी अधिक वेळा आढळतात.

तुम्ही काय करू शकता?

१. पाकीट सीलबंद आहे का, मुदत, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला आहे का, ते पाहा.

२. “याच प्रकारचा, परवानाधारक दुसऱ्या कंपनीचा दोरा चालेल का?” असे डॉक्टरांना आधीच विचारा. मेडिकलवर परस्पर बदलून घेऊ नका.

३. न उघडलेली पाकिटे परत मागा आणि वापरलेल्यांची संख्या बिलाशी ताडून पाहा.

४. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होत असेल, तर दोऱ्यासह साहित्याचा खर्च पॅकेजमध्येच धरलेला असतो. बाहेरून आणायला सांगितले, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

५. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा पाकीट संशयास्पद वाटले, तर पावतीसह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

टाक्याभोवती लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, ताप असेल किंवा जखम उघडली असेल, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा.