लहान आकाराची मोठी माणसं?



सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी मुलं 'लहान आकाराची मोठी माणसं' म्हणूनच रंगवली, हे गेल्या अंकातलं मत पटलं नाही. फ्रान्स हाल्सचं १६२०च्या सुमाराचं, आज बर्लिनमध्ये असलेलं चित्र पाहा. जेमतेम दीड वर्षाची कॅथरिना होफ्ट. अंगावर जरी-लेसचं ओझं आहे, खरं. पण हातात घुंगरांचा खुळखुळा, दाई सफरचंद पुढे करतेय आणि पोरगी मात्र आपल्याकडे बघून हसतेय. झग्यातलं प्रत्येक मूल मुलगीच, असंही नाही. तिकडे मुलगेही सहा-सात वर्षांपर्यंत झग्यातच वावरत, मोठ्या पुरुषांच्या वेशात नव्हे. आमच्याकडे बीडला कुंची, वाळे, गालावर तीट असा थाट करून फोटोला नेत, आणि पोर नेमकं तेव्हाच भोकाड पसरे! चित्रांत आली ती ऐपतवाल्यांचीच मुलं, हा गेल्या अंकातला मुद्दा मात्र मान्य.

— एक वाचक, बीड