'आपला डॉन' ही नंतर रचलेली कथा

मुंबईच्या टोळ्यांचा इतिहास आज 'हिंदू डॉन' आणि 'मुस्लिम डॉन' अशा दोन खणांत भरून सांगितला जातो. ही विभागणी १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर रूढ झाली. आधीच्या घटनांना ती लागू पडत नाही.

१९८१ साली दाऊदचा थोरला भाऊ साबीर मारला गेला तो पठाण टोळीकडून. मुसलमान दोन्हीकडे होते. पठाणांविरुद्ध दाऊदला साथ होती भायखळ्याच्या रमा नाईकची. नाईक, बाबू रेशीम आणि अरुण गवळी हे भायखळा कंपनीचे त्रिकूट. पुढे जमिनीच्या एका वादात दाऊद नाईकऐवजी शरद शेट्टीच्या पाठीशी उभा राहिला. १९८८ मध्ये नाईक पोलीस चकमकीत मेला. त्यामागे दाऊदच आहे, अशी गवळीची खात्री झाली आणि वैर पेटले. मूळ वादातले दोघेही हिंदू होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

छोटा राजन तर तेव्हा दाऊदचाच उजवा हात होता! स्फोटांनंतर तो 'देशभक्त' झाला. छोटा शकीलशी वर्चस्वावरून बिनसल्याचा भाग त्या कथेत येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली लकी लुचियानोने आपला म्होरक्या मासेरिया याला मारवले आणि पाच महिन्यांत नवा धनी मारान्झानो यालाही. तिन्ही माणसे सिसिलीचीच.

गवळीलाही 'आपला' म्हटले गेले. त्याने शिवसेनेला शह देणारी अखिल भारतीय सेना काढली. २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली ती शिवसेनेचेच नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाबद्दल.