दहावीचा पेपर कोणत्या मंडळाचा?



शाळा सुरू झाली की आपल्या भागात एक गोष्ट हमखास घडते. कोल्हापूरला किंवा चंदगडकडे पाहुण्यांकडे गेलेले पालक येताना दहावीचे गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच पिशवीत घालून आणतात. पुस्तक मराठीत, वर ठळक अक्षरांत ‘दहावी’ लिहिलेले. मग शंका घ्यायची कुणी? मुलासाठी पदरमोड करून आणलेल्या पुस्तकाला नावे ठेवणे आमच्याही जिवावर येते. पण ते असते महाराष्ट्र मंडळाचे, आणि कडोलीचा विद्यार्थी बसतो तो कर्नाटकाच्या एसएसएलसी परीक्षेला. भाषा एक, इयत्ता एक, परीक्षा मात्र निराळी.

हा फरक किरकोळ नाही. महाराष्ट्रात बीजगणित आणि भूमिती यांचे 40-40 गुणांचे दोन वेगळे पेपर असतात, विज्ञानाचेही तसेच दोन भाग. आपल्याकडे गणिताचा 80 गुणांचा एकच पेपर आणि विज्ञानाचाही एकच, त्यात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असे विभाग. समाजविज्ञानात तर इतिहास, राज्यशास्त्र व भूगोलाच्या जोडीला समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययनही येते. पाहुण्यांकडच्या गाईडमध्ये समाजशास्त्राचे पान शोधून सापडणार नाही. वर्षभर त्यावर विसंबलेल्या मुलाला हे परीक्षा तोंडावर आल्यावर कळावे, यासारखे वाईट नाही.

खरी मेख भाषांच्या गुणांत आहे. 2025 च्या एसएसएलसीत एकूण 625 गुण होते. प्रथम भाषेला 125 (लेखी 100, अंतर्गत 25) आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी 100 (लेखी 80, अंतर्गत 20). म्हणजे मराठी, कन्नड आणि इंग्रजी मिळून 325 गुण, अर्ध्याहून अधिक. महाराष्ट्रात टक्केवारी काढताना चांगल्या पाच विषयांचे गुण धरतात, एखादी भाषा कच्ची राहिली तरी निभावून जाते. इकडे ती सवलत नाही. तरीही आमच्या घराघरांत शिकवणी लावली जाते ती गणिताची आणि विज्ञानाची. कन्नडचे पुस्तक उघडते ते सहामाहीच्या आदल्या रात्री, आणि मराठी तर ‘घरचीच आहे’ म्हणून उघडतच नाही! साहित्य संमेलन भरवणारे हे गाव आहे. मराठीविषयी आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, पण त्या अभिमानापोटी कन्नडच्या पेपरला सावत्र वागणूक दिली तर नुकसान आपल्याच मुलाच्या गुणपत्रिकेत दिसते.

आता पेपरच्या रचनेविषयी. अलीकडच्या वर्षांत गणिताच्या पेपरात 38 प्रश्न आले. 8 बहुपर्यायी, 8 एका गुणाचे, 8 दोन गुणांचे, 9 तीन गुणांचे, 4 चार गुणांचे आणि 1 पाच गुणांचा. यातले एक आणि दोन गुणांचे प्रश्न मोजा, 32 गुण होतात. हे प्रश्न धड्याच्या पोटातून येतात, व्याख्या, सूत्र, लहानसे उदाहरण. ते गाळून नेमकी मोठी उत्तरे घोकणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. सुरुवातीची 15 मिनिटे प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी असतात. तीही वापरायला शिकावे लागते. कोणता प्रश्न आधी, पर्याय असेल तिथे कोणता सोडायचा, हे त्याच वेळेत ठरवायचे.

नियमही बदलत राहतात. 2021 साली कोविडमुळे अवघी परीक्षा जुलैमध्ये दोन दिवसांत बहुपर्यायी प्रश्नांवर उरकली. 2024 आणि 2025 मध्ये एकाच वर्षात तीन वेळा परीक्षा देण्याची सोय झाली आणि त्यांतले चांगले गुण ग्राह्य धरले गेले. 2025-26 साठी शासनाने उत्तीर्ण होण्याची अट एकूण 33 टक्के आणि प्रत्येक विषयात किमान 30 टक्के अशी केली. ‘आमच्या वेळी पस्तीस होते’ हे थोरल्या भावाचे ज्ञान म्हणूनच पुरत नाही. मंडळाचे चालू वर्षाचे परिपत्रक शाळेत येते, ते मागून वाचावे.

विश्वस्त मंडळींकडेही आमचे एक मागणे आहे. बक्षीस समारंभावर आपण हौसेने खर्च करतो, करावाही. पण मागील पाच वर्षांच्या मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिकांची बांधलेली प्रत दहावीच्या प्रत्येक मुलाच्या हाती जूनमध्येच पडली, तर त्या खर्चाला तोड नाही. त्यासाठी झेरॉक्सचे यंत्र आणि कुणातरी एकाची दोन दिवसांची मेहनत पुरेल. बेळगाव परिसरात दहावीच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानमाला होतात. तिथे मुलांना नेण्याआणण्याची सोय झाली तर शेतात गुंतलेल्या आईबापांचा एक दिवस वाचेल. आणि कन्नडसाठी आठवड्यातून दोन जादा तास आठवीपासूनच ठेवावेत. दहावीत ठेवून फार उशीर होतो.

पालकहो, दहावीच्या पालक सभेला येताना घरात आणलेले गाईड सोबत आणा. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर मंडळाचे नाव छापलेले असते, ते आपण मिळून पाहू.