विश्रांती म्हणजे सामना सोडणे नव्हे!

आमच्या नागापूरला परवा रात्री कबड्डीच्या मैदानावर हाणामारी होता होता राहिली. वस्तीतल्या संघाने साखळीतले पहिले दोन्ही सामने जिंकले आणि बाद फेरीतली जागा पक्की केली. तिसऱ्या सामन्यात मुख्य चढाईपटूला बाहेर बसवले. संघ हरला, जिंकणारे पुढे गेले, आणि ज्यांची भिस्त आमच्या विजयावर होती त्यांची वाट बंद झाली. ती मंडळी सकाळीच आमच्या दारात. “वकीलसाहेब, तुमच्या पोरांनी सामना विकला!”

आरोप गंभीर आहे. पण आम्ही वकिलीत एक शिकलो, कृत्याआधी हेतू तपासायचा.

याच प्रश्नावर २०२० साली मोठा गदारोळ झाला होता. आयपीएलच्या साखळीतला शेवटचा सामना ३ नोव्हेंबरला शारजाला झाला. मुंबई इंडियन्सचा पहिला क्रमांक आधीच नक्की झालेला. त्यांनी जसप्रीत बुमराह आणि ट्रेंट बोल्ट या दोघांना विश्रांती दिली. हैदराबादने दहा गडी राखून सामना जिंकला, तेही पुढे गेले. कोलकात्याचे गुण हैदराबाद आणि बंगळुरूइतकेच, १४. पण धावगतीने मार खाल्ला आणि त्यांना घरचा रस्ता धरावा लागला. दोनच दिवसांनी ताज्या दमाच्या बुमराहने दिल्लीचे चार गडी अवघ्या १४ धावांत टिपले. अंतिम सामन्यात बोल्टने तीन बळी घेतले, चषक मुंबईला आला.

मग मुंबईने कोलकात्याशी बेईमानी केली काय? आम्हाला तसे वाटत नाही. कोलकात्याला चौदा सामने मिळाले होते. आपले भवितव्य दुसऱ्याच्या हाती ठेवायची वेळ त्यांनी स्वतःच आणली.

मात्र विश्रांती वेगळी आणि मुद्दाम हरणे वेगळे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनच्या चार महिला जोड्या सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून जाणूनबुजून हरू लागल्या. त्यांना स्पर्धेतून काढले, ते योग्यच झाले. तिथे मैदानात उतरलेला माणूसच खोटे खेळत होता. आमच्या राखीव पोरांनी मात्र शेवटच्या चढाईपर्यंत जीव तोडला. त्यातल्या एकाला वर्षभरात पहिल्यांदा सातांत जागा मिळाली होती. त्याच्या खेळाला विकलेला म्हणता, हे आम्हाला जास्त लागले.

आता ज्याला बसवले त्याच्याविषयी. हा पोरगा एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला असतो. रात्रभर मशीनपुढे उभा, सकाळी चार तास झोप, संध्याकाळी मैदान. गुडघा सुजलेला. बुमराहच्या पाठीला जपायला डॉक्टर, फिजिओ, सगळा लवाजमा आहे. याचा गुडघा गेला तर चढाईही जाईल आणि नोकरीही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या कायद्याने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. विश्रांती हा कामगाराचा हक्क, हे आपल्या चळवळीला कुणी नव्याने सांगायची गरज नाही. मैदानावर उतरल्याने तो हक्क संपतो काय?

तरीही दारात आलेल्या मंडळींच्या रागात तथ्य आहे, हे आम्ही नाकारत नाही. त्यांचा सामना आधीच होऊन गेला होता. दुसऱ्यांचा खेळ बघत बसण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते. १९८२ च्या विश्वचषक फुटबॉलमध्ये हेच झाले. अल्जीरियाचे सामने संपलेले, आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया दोघांनाही सोयीचा १-० असा निकाल लागला, अल्जीरिया बाहेर. त्यानंतर गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवायचा नियम झाला.

तेव्हा बोट दाखवायचे तर आयोजकांकडे दाखवा. आम्ही त्यांना म्हटले, पुढच्या वर्षी गटातले शेवटचे सामने एकाच वेळी लावा. ते म्हणाले, खर्च वाढतो. सत्काराच्या शाली, हार आणि पाहुण्यांच्या गाड्यांवर खर्च होतो तो कमी करा की! दुसरे मैदान आखायला चुना असा किती लागतो?